पंचाची पाठ

बॉक्सर मुहम्मद अलीचं ते पोस्टर मी पुण्यात फुटपाथवर घेतलं. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष होतं. दिवाळीच्या सुट्टीत ते गुंडाळून गावी नेलं आणि स्टुडिओच्या मागच्या खोलीत, आबा जिथे फोटोंच्या कडा कापत बसायचे, त्या भिंतीवर ड्रॉइंग पिनांनी लावलं. अली उभा आहे, उजवा हात छातीपुढे दुमडलेला, तोंड उघडून ओरडतोय. पायाशी त्याचा प्रतिस्पर्धी सनी लिस्टन उताणा पडलाय. हे चित्र पाहणारा माणूस आधी अलीच्या दंडाकडे बघतो, मग तोंडाकडे, मग खाली पडलेल्याकडे. आबांनी चष्मा सदऱ्याला पुसला, भिंतीजवळ गेले आणि बोट ठेवलं ते भलतीकडेच.

"ह्यो कोण रं? पायांच्या मधला?"

मी ते पोस्टर महिनाभर होस्टेलच्या खोलीत बघत होतो, पण तो माणूस मला दिसला नव्हता. अलीच्या दोन पायांच्या मधून, रिंगच्या पलीकडच्या कडेला, टक्कल पडलेला एक माणूस दिसतो. हातात कॅमेरा.

"फोटोग्राफर असणार, आबा."

"ते कळतंय की. चुकीच्या अंगाला बसला बिचारा. ह्याच्या फोटूत नुस्ती पाठ आली आसंल."

एवढं बोलून ते पुन्हा कात्रीकडे वळले. अलीबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही.

आमचा स्टुडिओ कृष्णाकाठच्या एका मध्यम गावात. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो हा रोजचा धंदा. पण आबांचा जीव कुस्तीच्या मैदानात. चैत्रात आजूबाजूच्या गावांच्या जत्रा सुरू झाल्या की यशिकाचा कॅमेरा गळ्यात, फ्लॅशगन हातात आणि खिशात चार रोल घेऊन ते निघायचे. मी सहावीत गेल्यापासून सेलची पिशवी धरायला बरोबर असायचो. त्यामुळे पोस्टरवरचा तो फोटो कसा निघाला असेल, हे मला वाचून समजायच्या आधी थोडंफार अंगाला माहीत होतं.

तो फोटो २५ मे १९६५चा. अमेरिकेच्या मेन राज्यातलं लुइस्टन हे गिरण्यांचं गाव. खरं तर ही लढत नोव्हेंबर १९६४मध्ये बोस्टनला व्हायची होती, पण अलीला हर्नियाचा त्रास झाला, तारीख गेली, मग बोस्टननेही अंग काढून घेतलं आणि हेवीवेट जगज्जेतेपदाची लढत अशा आडगावच्या हॉलमध्ये आली. प्रेक्षक जेमतेम २,४३४. रिंगच्या कडेला 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' साप्ताहिकासाठी नील लायफर बसला होता. वय वर्षं २२. समोरच्या बाजूला त्याच साप्ताहिकाचा हर्ब शार्फमन. पायांच्या मधला माणूस तो.

लायफरच्या हातात रोलिफ्लेक्स होता. दोन भिंगांचा, चौकोनी फोटो देणारा, एका रोलमध्ये बारा फोटोंचा. म्हणजे आमच्या यशिकाचा श्रीमंत थोरला भाऊच. रंगीत फिल्म त्या काळी मंद असायची, हॉलचा उजेड तिला पुरायचा नाही. म्हणून रिंगच्या वर मोठे फ्लॅश आधीच टांगून ठेवले होते आणि तारेने कॅमेऱ्याशी जोडले होते. एकदा खटका दाबला की ते फ्लॅश पुन्हा भरायला काही सेकंद लागायचे. आज ज्याला आपण धडाधड फोटो काढणं म्हणतो, तो प्रकारच शक्य नव्हता. एक खटका, एक फोटो, मग वाट पाहणं. ठोसा बसला तेव्हा खटका दाबून बसला असता, तर पुढच्या क्षणी अली लिस्टनवर उभा राहून ओरडला तेव्हा लायफरपाशी अंधार असता.

ही वाट पाहण्याची गोष्ट ज्याने फ्लॅशगन वापरली नाही त्याला सांगून समजणार नाही. आमच्या फ्लॅशगनला चार पेन्सिल सेल लागायचे. फोटो निघाला की आतून चींऽऽ असा बारीक आवाज सुरू व्हायचा, तो चढत चढत जायचा आणि पाठीमागचा छोटा लाल दिवा लागला की समजायचं, भरली. सेल नवे असतील तर आठ-दहा सेकंद. रात्र झाली, सेल उतरले, की पंधरा-वीस. आणि कुस्ती तर तीन सेकंदांत निकाली होते. आबा मला दिव्याकडे बघायला बसवायचे. "लागला?" ते मैदानावरची नजर न काढता विचारायचे. मी "लागला" म्हणालो की त्यांचे खांदे थोडे खाली यायचे. अजून तो शब्द कुठे ऐकला की मला तांबड्या मातीचा, तेलाचा आणि घामाचा वास येतो.

स्टुडिओत यशिका पोटाशी धरून वरून काचेत बघायचं असतं. काचेत डावं उजवीकडे दिसतं. नवरा-नवरीला त्याचं काही वाटत नाही, पण पैलवान डावीकडे सरकला आणि काचेत तो उजवीकडे गेला की हात चुकीकडे वळतो. म्हणून मैदानात आबा कॅमेऱ्याच्या झाकणाची पुढची पट्टी आत ढकलून तिची चौकट करायचे आणि कॅमेरा डोळ्याला लावून त्या उघड्या खिडकीतून बघायचे. सलामीचा एक फोटो घ्यायचा, मग बोट खटक्यावर ठेवून नुसतं फिरायचं. नंबर एक, दोन आणि तीनच्या कुस्त्यांसाठी एक अख्खा रोल राखून ठेवायचा. खडाखडी चालू असताना लोक ओरडायचे, "आबा, काढा की!" आबा ढिम्म. लोकांना तेव्हा जे भारी वाटतं, ते दुसऱ्या दिवशी फोटोत कुणी मागत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी एकच मागणी असायची: पाठ लागली, म्हणजे हरणाऱ्याची पाठ मातीला टेकली, तो फोटो.

लायफर कुठून आला हे मी नंतर वाचलं आणि तो मला एकदम जवळचा वाटला. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडच्या गरीब वस्तीतला मुलगा. तिथल्या एका समाजकेंद्राच्या कॅमेरा क्लबमध्ये शिकला. डेलीकेटेसनमधून, म्हणजे तयार खाण्याच्या दुकानातून, सँडविचं पोचवायचं काम करायचा. २८ डिसेंबर १९५८ला, बरोबर सोळाव्या वाढदिवशी, यांकी स्टेडियमवर बाल्टिमोर कोल्ट्स आणि न्यूयॉर्क जायंट्स यांच्यात अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना होता. तिकिटाला पैसे नव्हते. पण व्हीलचेअरवरचे माजी सैनिक सामना बघायला यायचे आणि त्यांना ढकलत आत न्यायला माणसं लागायची, हे त्याने हेरलेलं. तो खुर्ची ढकलत आत गेला, थंडीत पहाऱ्यावरच्या लोकांना कॉफी आणून देत राहिला आणि त्या ओळखीवर मैदानाच्या कडेला उभा राहू लागला. सामना जादा वेळेत गेला, कोल्ट्सचा ॲलन अमीची निर्णायक धाव घेऊन आत घुसला, आणि समोर साधा कॅमेरा घेतलेला सोळा वर्षांचा पोरगा उभा होता. त्याला तो फोटो मिळाला.

लोक याला नशीब म्हणतात. लायफर स्वतःही नशीबच म्हणत आलाय, लुइस्टनच्या फोटोलासुद्धा. मला मात्र त्या कॉफीच्या कपांचं मोल जास्त वाटतं. जागा मिळवणं हे या कामातलं निम्मं काम आहे आणि ते फोटोत कधीच दिसत नाही. आबा मैदानाच्या आदल्या दिवशी जत्रा कमिटीच्या लोकांकडे चहाला जायचे, पंच कोण आहेत ते विचारून घ्यायचे, हलगीवाल्यांना त्यांचा एक फोटो फुकट काढून द्यायचे. का, ते मला तेव्हा उमगायचं नाही. कोल्हापूरच्या खासबागेत आखाडा मधोमध आणि प्रेक्षक चढत्या पायऱ्यांवर, त्यामुळे मागच्यालाही दिसतं. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं, १९१२ सालापासूनचं मैदान ते. जत्रेतल्या मैदानात तसं काही नसतं. दोराच्या आत उभं राहू देणं हे सर्वस्वी कमिटीच्या मर्जीवर.

पुन्हा लुइस्टनकडे येतो, कारण त्या रात्रीतला सगळ्यात अवघड भाग फोटोच्या चौकटीबाहेर राहिलाय.

आपल्याकडे ज्याला नुरा कुस्ती म्हणतात, आधीच निकाल ठरवून केलेली, तसली ही लढत आहे असं त्या हॉलमधल्या पुष्कळांना वाटलं. पहिलीच फेरी, दोन मिनिटंही झाली नव्हती, आणि अलीचा एक छोटा उजवा ठोसा बसला. इतका झटकन की अनेकांना तो दिसलाच नाही. लिस्टन पडला. अली कोपऱ्यात जायचं सोडून त्याच्या डोक्यावर उभा राहिला आणि ओरडू लागला, ऊठ, लढ. पंच जर्सी जो वॉलकॉट अलीला मागे ढकलण्यात गुंतला आणि मोजणीचा पार गोंधळ झाला. लिस्टन उठला, दोघे पुन्हा भिडले, तेवढ्यात रिंगच्या कडेला बसलेले 'द रिंग' मासिकाचे संपादक नॅट फ्लायशर यांनी वॉलकॉटला सांगितलं की तो दहापेक्षा जास्त वेळ खाली होता. लढत थांबली. लोक ओरडत होते, फिक्स, फिक्स.

आता फोटो बघा. त्यात यातलं काहीही नाही. आरडाओरडा नाही, संशय नाही, गोंधळलेला पंच नाही. उभा विजेता आणि आडवा पराभूत, एवढंच. जगभरच्या व्यायामशाळांमध्ये, होस्टेलच्या खोल्यांमध्ये, आमच्या स्टुडिओच्या भिंतीवर हा फोटो विजयाचं चित्र म्हणून लागला. मला वाटतं, त्यातला अली विजय साजरा करतच नाहीये. तो चिडलाय. हा असाच पडून राहिला तर लोक काय म्हणतील हे त्याला त्या क्षणी उमगलं असावं, आणि तो त्याला उठवायला बघतोय. हे समजल्यावर तो फोटो माझ्यासाठी लहान झाला नाही. उलट त्या उघड्या तोंडाकडे मी जास्त वेळ बघायला लागलो. पण एवढं खरं, की एका खटक्याने एका वादग्रस्त रात्रीची आठवण पुसून तिच्या जागी दुसरी आठवण बसवली. चांगल्या फोटोग्राफरच्या हातात ही ताकद असते आणि ती फार जपून वापरायची गोष्ट आहे. आबा हरलेल्या पैलवानाचा तोंड झाकून बसलेला फोटो कधी काढायचे नाहीत. खप झाला असता तरी नाही. "त्याला उद्या परत तालमीत जायाचं आसतंय," एवढंच म्हणायचे.

आणखी एक गोष्ट मला धीर देऊन जाते. लायफरचा हा फोटो त्या आठवड्यात त्याच्या स्वतःच्या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आला नाही, आतल्या पानात आला. जवळजवळ तोच क्षण असोसिएटेड प्रेसच्या जॉन रूनीने कृष्णधवल टिपला होता आणि जागतिक वृत्तछायाचित्र स्पर्धेत क्रीडा विभागाचं बक्षीस त्या फोटोला मिळालं. लायफरचा रंगीत चौकोन हळूहळू, वर्षांमागून वर्षं, लोकांच्या मनात चढत गेला. अली मोठा होत गेला, तसा तो फोटोही मोठा होत गेला. १९९९ साली त्याच साप्ताहिकाने शतकातल्या क्रीडा छायाचित्रांचा खास अंक काढला, तेव्हा कुठे तो मुखपृष्ठावर आला. चौतीस वर्षांनी.

लायफरला स्वतःला मात्र दुसराच फोटो प्यारा. १४ नोव्हेंबर १९६६, ह्यूस्टनचं ॲस्ट्रोडोम, अली विरुद्ध क्लीव्हलँड विल्यम्स. एरवी रिंगवरचे दिवे इतके खाली असतात की तिथून अख्खी रिंग एका फोटोत मावत नाही. मावली तरी रुंद भिंगामुळे कडा वाकतात. ॲस्ट्रोडोममध्ये दिव्यांचा सांगाडा ८० फुटांवर होता. लायफरने तिथे कॅमेरा टांगला आणि स्वतः खाली रिंगपाशी बसून दुरून खटका दाबला. वरून बघताना रिंग म्हणजे नुसता एक स्वच्छ पांढरा चौकोन. विल्यम्स हातपाय पसरून उताणा, अली दोन्ही हात वर करून कोपऱ्याकडे निघालेला, आणि चारही कडांना छोटी छोटी माणसं. हा फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला एकच जाणवलं: इथे चुकीची बाजू नाहीच. दीड वर्षापूर्वी ज्याला बसल्या जागेने तारलं, त्याच माणसाने पुढच्या वेळी जागेचा प्रश्नच मुळातून काढून टाकला. आमच्या गावच्या मैदानावर आता ड्रोन असतो. माझा पुतण्या तो उडवतो, खाली कॅमेरे सेकंदाला वीस-तीस फोटो काढतात, मोबाइलवर थेट कुस्ती दिसते. मी त्याला ॲस्ट्रोडोमचा फोटो दाखवला तर म्हणाला, काका, १९६६ला ड्रोन होता? त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आता आबांची ती कुस्ती.

मी आठवीत होतो. नंबर एकची कुस्ती आमच्याकडच्या एका नावाजलेल्या पैलवानाची, आणि समोर वरच्या अंगाच्या गावातलं एक कोवळं पोरगं. पोरगं दोन मिनिटंही टिकणार नाही असं सगळे म्हणत होते. ते वीस मिनिटं टिकलं. सूर्य बुडाला, हॅलोजन लागले, हलगी-घुमकं चढत गेलं. आबा पूर्वेच्या अंगाला उभे होते, कारण मोठा पैलवान डाव्या हाताने कब्जा घेतो हे त्यांना माहीत होतं आणि त्या हिशेबाने पाठ पूर्वेकडे लागणार होती. हिशेब बरोबर होता, पैलवान चुकीचा निघाला. कसं झालं कळलं नाही, पण पोरानेच कब्जा घेतला, घिस्सा ओढला आणि मोठा पैलवान पलीकडे उलटा झाला. दोन्ही खांदे टेकले का ते बघायला पंच वाकले. नेमके आबांच्या पुढ्यात. आबांनी खटका दाबला. मैदान उसळलं. फ्लॅशगन चींऽऽ करायला लागली, मी दिव्याकडे बघत होतो, तो लागेलागेपर्यंत पोरगं लोकांच्या खांद्यावर गेलं होतं.

रात्री डार्करूममध्ये डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कागदावर चित्र उमटायला लागलं. लाल बल्बखाली आधी काळे भाग येतात. गर्दी आली, दोर आला, आणि मधोमध पांढराच राहिला. पंचांचा पांढरा सदरा. त्यांच्या कमरेपलीकडून दोन पाय वर आलेले, कुणाचे तेही ओळखू येऊ नये असे. आबा काही बोलले नाहीत. कागद हायपोत, चित्र पक्कं करणाऱ्या पाण्यात, टाकला, हात धुतले आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. मी त्यांना तसं बसलेलं आधी पाहिलं नव्हतं.

सकाळी पोराचे वडील आले. एसटीने, डोक्याला फेटा, हातात पिशवी. पाठ लागली तो फोटो मागितला. आबांनी खांद्यावरचा फोटो पुढे केला. चांगला आला होता. म्हातारे म्हणाले, ह्यो पण द्या, पर पाठ लागली त्यो? आबांनी आतून तो पंचाच्या पाठीचा कागद आणला आणि टेबलावर ठेवला. "चुकलं माझं. दुसऱ्या अंगाला हुतो," म्हणाले. म्हाताऱ्यांनी फोटो उचलला, डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला. बराच वेळ गेला. मग पंचांच्या खांद्याच्या वर, दोराच्या पलीकडच्या पहिल्या रांगेत बोट ठेवलं.

"ह्यो मीच न्हवं?"

ते होते. फेटा सुटून गळ्यात आलेला, दोन्ही हात डोक्यावर, तोंड उघडं. आजूबाजूचे सगळे मैदानाकडे बघत होते आणि तेही. त्यांनी त्याच्या दोन कॉप्या करून घेतल्या. एक घरी, एक पोराच्या तालमीत लावायला.

गेल्या दिवाळीत आबांना चौऱ्याऐंशी पुरी झाली. मोतीबिंदू काढलाय, हात थोडे थरथरतात. मी त्यांना म्हणालो, आबा, तुम्ही एकदा विचारलं होतं, पायांच्या मधला कोण. त्यांना ते पोस्टर आठवत होतं. मग मी सांगितलं. तो शार्फमन. त्याचाही एक गाजलेला फोटो आहे, २३ सप्टेंबर १९५२चा, फिलाडेल्फियाचा. रॉकी मार्सियानोचा उजवा ठोसा जगज्जेत्याच्या जबड्यावर बसलाय आणि त्या जगज्जेत्याचा चेहरा पार वाकडा झालाय. तेराव्या फेरीतला तो ठोसा, त्यावरच पद गेलं. तो जगज्जेता म्हणजे जर्सी जो वॉलकॉट. लुइस्टनला पंच होता तोच. ज्याचा चेहरा तेरा वर्षांपूर्वी शार्फमनने टिपला, तोच माणूस त्या रात्री त्याच रिंगमध्ये अलीला मागे ढकलत होता, आणि शार्फमन पलीकडून अलीच्या पाठीकडे बघत बसला होता.

आबा गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे त्या दिवशी बरोबर अंगाला बसला हुता."

"हो."

"बरं झालं."

थोड्या वेळाने त्यांनी माळ्यावरचा बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा काढायला सांगितला. निगेटिव्हं बटर पेपरच्या पाकिटांत, पाकिटांवर गावाचं नाव आणि साल. त्यांनी ते पाकीट तिसऱ्याच वेळी हाताला घेतलं. तीन फोटोंची पट्टी होती, मधला तो. खिडकीचा उजेड पुरेना, म्हणून मी मोबाइलचा टॉर्च लावून मागे पांढरा कागद धरला. निगेटिव्हमध्ये पंचांचा सदरा काळाकुट्ट दिसत होता आणि त्याच्यावर सगळी गर्दी बारीक काळ्या ठिपक्यांची. आबांनी बोटाने ठिपके मोजत मोजत डावीकडून उजवीकडे नेले, थांबले, परत मागे आले.

"लाइट जरा वर धर," म्हणाले. "हितंच कुठंतरी हाय त्यो."